घरी खेळण्यासाठी व्हीआर हेडसेट कसा निवडावा: आधी खेळ, मग डोळे, आकडे शेवटी

व्हीआर हेडसेटची, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायच्या यंत्राची, तुलना करायला बसलं की पहिल्यांदा समोर येतो आकड्यांचा तक्ता. एका डोळ्याला किती पिक्सेल, सेकंदाला किती चित्रं, किती ग्रॅम वजन. माझा पहिला हेडसेट मी असाच तक्ता बघून घेतला. पिक्सेल भरपूर होते, पण त्याच्या भिंगांमधलं अंतर माझ्या डोळ्यांशी जुळत नव्हतं. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागायचं आणि दोन महिन्यांत तो कपाटात गेला. ते अंतरही तक्त्यात एका ओळीत छापलेलं होतं, फक्त त्या ओळीचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी वेगळा क्रम सांगतो. आधी कोणते खेळ खेळायचे, मग घरात कोणतं यंत्र आहे, मग डोळे. या क्रमाने गेलात तर बाजारातले बहुतेक हेडसेट आपोआप गळतात आणि उरलेल्या एक-दोघांसाठीच तक्ता उघडावा लागतो.

पायरी १: पाच खेळांची नावं कागदावर लिहा

हे सर्वांत सोपं काम आहे आणि नेमकं हेच बहुतेक जण टाळतात. व्हीआरमधले कित्येक चांगले खेळ एकाच यंत्राला बांधलेले असतात. २०२० साली आलेला ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ खेळायचा तर दमदार संगणक लागतोच. ‘ग्रान टुरिस्मो ७’ मध्ये गाडीच्या आत बसून शर्यत लावायची, किंवा ‘होरायझन कॉल ऑफ द माउंटन’मधले कडे चढायचे, तर प्लेस्टेशन ५ आणि प्लेस्टेशन व्हीआर२ याला पर्याय नाही. २०२४ मधला ‘बॅटमॅन: अर्कहॅम शॅडो’ फक्त मेटाच्या क्वेस्ट ३ आणि ३एसवर चालतो, जुन्या क्वेस्ट २ वरही नाही.

नाव सारखं असलं म्हणून खेळ सारखा असेल असंही समजू नका. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ क्वेस्टवर आहे आणि व्हीआर२ वरही आहे. पण क्वेस्टवर २००५ चा मूळ खेळ व्हीआरसाठी नव्याने बांधलेला आहे, तर प्लेस्टेशनवर २०२३ ची नवी आवृत्ती आहे. दोन्ही खेळताना येणारा अनुभव अगदी वेगळा. तसंच, २०१६ च्या पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरचे खेळ व्हीआर२ वर आपोआप चालत नाहीत. कंपनीने नवी आवृत्ती काढली असेल तरच चालतात. घरात जुन्या डिस्क असतील तर त्यांच्या भरवशावर व्हीआर२ घेऊ नका.

कागदावरची पाचपैकी चार नावं एकाच बाजूची निघाली तर अर्धा निर्णय तिथेच झाला.

पायरी २: चित्र कुठे तयार होणार ते ठरवा

हेडसेट म्हणजे डोळ्यांसमोरचा पडदा. त्या पडद्यावरचं चित्र बनवणारं डोकं कुठे आहे, यावरून तीन जाती पडतात.

पहिली जात स्वतःच्या पायावर उभी असते. क्वेस्ट ३, क्वेस्ट ३एस, पिको ४ यांच्या आतच प्रोसेसर, बॅटरी आणि साठवण असते. चार्ज करायचं, घालायचं, खेळायला लागायचं. बॅटरी साधारण दोन-अडीच तास टिकते आणि चित्राचा बारकावा मोबाइलच्या ताकदीएवढा असतो. दुसरी जात कन्सोलची, म्हणजे प्लेस्टेशन व्हीआर२. एकच यूएसबी-सी केबल, साडेचार मीटर लांब, थेट प्लेस्टेशन ५ ला. तिसरी जात संगणकाला जोडलेल्या हेडसेटांची: व्हॉल्व्ह इंडेक्स, एचटीसीचे व्हाइव्ह, बिगस्क्रीन बियाँड.

या जातींच्या सीमा आता बऱ्याच पुसट झाल्या आहेत. क्वेस्ट केबलने किंवा वाय-फायने संगणकाला जोडता येतो आणि मग त्यावर संगणकाचे खेळ चालतात. व्हीआर२ साठी सोनीने ऑगस्ट २०२४ मध्ये संगणकाला जोडण्याचा अडॅप्टर आणला. दोन्हींत एक-एक गोम आहे.

क्वेस्टला संगणकाकडून येणारं चित्र दाबलेल्या व्हिडिओच्या रूपात येतं. संगणक ते आवळतो, क्वेस्ट ते उलगडतो. गडद जंगल, धूर, पाऊस अशा दृश्यांत थोडा गढूळपणा दिसतो आणि या आवळण्या-उलगडण्यात काही मिलिसेकंद जातात. बिनतारी खेळायचं असेल तर राउटर त्याच खोलीत असावा, संगणक राउटरला तारेने जोडलेला असावा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या किंवा त्यावरच्या पट्ट्यावर असावा. ‘वाय-फायवर चित्र अडखळतं’ अशा तक्रारींत मला बहुतेक वेळा संगणकही वाय-फायवरच असल्याचं आढळलं आहे. ती एक तार टाकली की खेळ सुरळीत होतो.

व्हीआर२ ला अडॅप्टरमधून चित्र न दाबता, डिस्प्लेपोर्टने (संगणकातून चित्र बाहेर पाठवणाऱ्या एका जोडणीने) थेट मिळतं. मात्र संगणकावर एचडीआर (उजेड-अंधाराचा वाढीव पल्ला), नजर टिपणं, हेडसेटची थरथर आणि कंट्रोलरच्या ट्रिगरचा बदलता जोर, हे सगळं बंद होतं. शिवाय संगणकात ब्लूटूथ लागतं आणि डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी घ्यावी लागते. लॅपटॉप असेल तर जरा थांबा. त्याचं पोर्ट ग्राफिक्स कार्डाला थेट जोडलेलं आहे का, हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शोधा. नुसता एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपवर डिस्प्लेपोर्ट मागणारा हेडसेट चालवायचा खटाटोप करू नका.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारा: हा हेडसेट कुणाच्या सॉफ्टवेअरवर जगतो? एचपीचा रिव्हर्ब जी२ २०२० मध्ये आला तेव्हा प्रत्येक डोळ्याला २१६० गुणिले २१६० पिक्सेल देत होता आणि विमान उडवण्याच्या खेळांसाठी लोक तो शोधून घेत होते. तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीवर चालायचा. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती व्यवस्था बंद करायचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. यंत्र धडधाकट होतं, भिंगं नितळ होती, पण त्याखालचा आधारच गेला. स्वस्तात मिळतोय म्हणून जुना हेडसेट घेताना ही चौकशी आधी करा.

पायरी ३: डोळ्यांमधलं अंतर मोजा

माझ्या मते सगळ्या निवडीत महत्त्वाची पायरी ही. दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, ज्याला आयपीडी म्हणतात, प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. पण ५६ वालेही भेटतात आणि ७१ वालेही.

मोजायचं असं. आरशापासून वीतभर अंतरावर उभे राहा. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. डोकं आणि पट्टी दोन्ही न हलवता आता डावा डोळा मिटा, उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. तीनदा मोजून सरासरी काढा. चष्मा असेल तर चष्म्याच्या दुकानात हा आकडा मोजलेला असतो, मागितला की मिळतो.

आता हा आकडा हेडसेटशी ताडून बघा. क्वेस्ट ३ ला खाली एक चाक आहे, ५८ ते ७१ पर्यंत हवं तिथे थांबतं. पिको ४ मध्ये छोटी मोटर ६२ ते ७२ पर्यंत भिंगं सरकवते. ५९ वाल्या माणसासाठी तो तिथेच बाद. व्हॉल्व्ह इंडेक्स ५८ ते ७०. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये मात्र भिंगं हाताने ढकलून तीनच जागी बसवता येतात: ५८, ६३ आणि ६८. तुमचं माप ६२ किंवा ६४ असेल तर काहीच अडचण नाही. ५५ किंवा ७२ असेल तर ३एस घेण्याआधी किमान अर्धा तास डोक्यावर घालून बघाच. बिगस्क्रीन बियाँडचा पहिला अवतार तर एकाच माणसासाठी बनतो. चेहऱ्याचं स्कॅन पाठवायचं, त्यानुसार गादी आणि अंतर ठरून येतं. घरातल्या चौघांनी आळीपाळीने खेळायचं असेल तर त्याचा विचारही नको.

घरात खेळणारे जितके, तितक्यांची मापं घ्या. एकाला जुळलेला हेडसेट दुसऱ्याला डोकेदुखी देतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

चष्म्याबद्दल लोकांचा हमखास गोंधळ होतो. पडदा डोळ्यांच्या अगदी जवळ असला तरी भिंगांमुळे डोळे साधारण दीड-दोन मीटर दूर बघितल्यासारखे स्थिरावतात. त्यामुळे लांबचं दिसायला चष्मा लागत असेल तर हेडसेटमध्येही लागतो. फक्त वाचायला चष्मा लागणाऱ्यांना बहुधा लागत नाही. फ्रेम १४२ मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा ५० मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर अनेक हेडसेटांत ती अडते. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली की दोन्हींवर ओरखडे पडतात, आणि भिंगावरचा ओरखडा जात नाही. रोज खेळणार असाल तर तुमच्या नंबराची, भिंगावर बसणारी जोडभिंगं करून घ्या. मला हा खर्च कधीच फुकट गेलेला वाटला नाही.

पायरी ४: आता आकडे, पण भिंगांपासून

आता तक्ता उघडा आणि पिक्सेलच्या आधी भिंगांची जात बघा. फ्रेनेल भिंगांवर गोल-गोल खाचा असतात. त्यांत मधोमध चित्र लख्ख आणि कडेला धूसर दिसतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांतून प्रकाशाच्या रेघा फुटतात. पॅनकेक भिंगं प्रकाशाला आतल्या आत परतवून वाट दुमडतात, म्हणून हेडसेट पातळ होतो आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं. त्यात बराच प्रकाश वाया जातो, पण खेळताना ते सहसा जाणवत नाही.

मेटाची दोन भावंडं शेजारी ठेवली की फरक नीट समजतो. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, ३एस बरोबर एक वर्षाने. दोघांत प्रोसेसर एकच, खेळ तेच, कंट्रोलरही तेच. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगं आणि प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल. ३एस मध्ये क्वेस्ट २ चीच फ्रेनेल भिंगं आणि १८३२ गुणिले १९२० पिक्सेल. आडवा दृष्टिपट्टा, म्हणजे मान न हलवता दिसणारी रुंदी, पहिल्यात ११० अंश, दुसऱ्यात ९६. कागदावर हा फरक लहान वाटतो. प्रत्यक्षात क्वेस्ट ३ मध्ये नुसते डोळे फिरवून कोपऱ्यातला गुण-फलक वाचता येतो, ३एस मध्ये मान वळवावी लागते. ‘बीट सेबर’सारख्या, अंग हलवायच्या खेळांत समोरच बघायचं असतं, तिथे ३एस पुरेसा आहे आणि पहिला हेडसेट म्हणून मी तो आनंदाने सुचवतो. विमानाच्या कॉकपिटमधले काटे वाचायचे असतील, मोठ्या पडद्याचा आभास करून सिनेमे बघायचे असतील, तर क्वेस्ट ३ साठी थांबा.

पडद्याचीही जात बघा. व्हीआर२ मध्ये ओएलईडी पडदा आहे, प्रत्येक डोळ्याला २००० गुणिले २०४०. ओएलईडीत काळा पिक्सेल खरोखर विझतो. अंधाऱ्या गुहेत शिरलात की अंधार अंगावर येतो. क्वेस्टच्या एलसीडीत तोच अंधार राखाडी दिसतो. भीतीचे खेळ आणि रात्रीच्या शर्यती आवडणाऱ्यांसाठी हा फरक पिक्सेलच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. पण व्हीआर२ ची भिंगं फ्रेनेल आहेत आणि एकसारख्या रंगाच्या आकाशावर बारीक दाणेदार जाळी दिसते. पहिल्या दिवशी ती खटकते. पुढे नजर सरावते, सगळ्यांची नाही. त्यात नजर टिपणारे कॅमेरेही आहेत. तुम्ही जिथे बघता तिथेच कन्सोल बारीक चित्र काढतो आणि कडेला ताकद वाचवतो.

रिफ्रेश रेटचं, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो त्याचं, फार मनावर घेऊ नका. ९० हर्ट्झ बहुतेकांना पुरतात. महत्त्वाचं हे की खेळ त्या वेगाला खरोखर पोहोचतो का. व्हीआर२ वरचे काही खेळ सेकंदाला ६० चित्रं काढतात आणि मधली चित्रं अंदाजाने भरून १२० दाखवतात. झटकन मान फिरवली की वस्तूंना दुहेरी कड दिसते.

पायरी ५: वजन कुठे पडतं

क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, व्हीआर२ साधारण ५६०, व्हॉल्व्ह इंडेक्स ८०९. गंमत अशी की हलका क्वेस्टच अनेकांच्या गालांना जास्त रुततो. त्याचा कापडी पट्टा मऊ आहे आणि सगळा भार चेहऱ्यावर लोंबतो. व्हीआर२ टोपीसारखा कपाळावर टेकतो, पडदा पुढे नुसता लटकतो. इंडेक्स जड असूनही मागच्या कडक पट्ट्यामुळे तोल धरतो. पिको ४ ची बॅटरी डोक्याच्या मागे आहे, त्याचाही हाच फायदा. क्वेस्ट घेणार असाल तर कपाळावर टेकणारा किंवा मागे बॅटरी असलेला पट्टा हिशेबात धरूनच तुलना करा. घाम पुसता येईल अशी चेहऱ्याची गादीही त्याच हिशेबात घ्या.

पायरी ६: जागा मोजा

उभं राहून चालत-फिरत खेळायला २ मीटर गुणिले २ मीटर मोकळी जागा हवी, बसून खेळायला एक खुर्ची पुरते. मोजताना जमिनीबरोबर वरही बघा. हात उंचावून कंट्रोलर छताच्या पंख्याला किंवा लटकत्या दिव्याला लागतो का? मोकळ्या जागेच्या मधोमध जाड सतरंजीचा लहान तुकडा टाकून ठेवा. पायाला ती लागेनाशी झाली की आपण सरकलो हे डोळे झाकलेले असतानाही कळतं. माझ्या अनुभवात मोकळ्या जागेची हद्द दाखवणाऱ्या, पडद्यावरच्या निळ्या भिंतीपेक्षा हा तुकडा जास्त कामाचा ठरला आहे.

क्वेस्ट, पिको आणि व्हीआर२ आपल्या अंगावरच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतात. त्यांना उजेड लागतो, आणि मोठा आरसा समोर असेल तर ते गोंधळतात, म्हणून आरसा झाका. इंडेक्स आणि बियाँडला खोलीच्या कोपऱ्यांत, डोक्यापेक्षा उंच, दोन बेस स्टेशन (हेडसेट आणि कंट्रोलर कुठे आहेत ते ओळखायला मदत करणाऱ्या छोट्या पेट्या) बसवावी लागतात. भिंतीला भोकं आणि दोन जादा वायर. त्याच्या बदल्यात हात पाठीमागे नेला तरी त्याचा माग सुटत नाही. नाचणाऱ्यांना आणि धनुष्यबाण ओढणाऱ्यांना हे पटेल. बाकीच्यांनी या भानगडीत पडण्याचं आता फारसं कारण उरलेलं नाही.

पायरी ७: वीस मिनिटांची चाचणी

मित्राकडे किंवा दुकानात, कुठेही मिळालं तरी विकत घेण्याआधी वीस मिनिटं घाला. पाच मिनिटांत सगळेच हेडसेट छान वाटतात. पट्टा मागून आवळा, भिंगांचं अंतर लावा, मग हेडसेट किंचित वर-खाली करून अक्षरं सर्वांत ठळक दिसतात ती जागा शोधा. मेनूतली छोटी अक्षरं वाचा. मान न वळवता डोळे चारी कोपऱ्यांत फिरवा. नाकापाशी उजेड येतो का बघा. दहा उठाबशांच्या वेगाने हाला, हेडसेट घसरतो का? काढल्यावर गालाला, नाकाच्या दांडीला, कपाळाला बोट लावून कुठे दुखतंय ते शोधा. दुखणारी जागा तासाभराच्या खेळात तिप्पट दुखणार.

पहिला आठवडा

व्हीआरमधली मळमळ हेडसेटच्या किमतीवर अवलंबून नसते. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण उभे आहोत, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. पहिले तीन-चार दिवस असे खेळ घ्या ज्यांत तुम्ही स्वतः पावलं टाकल्याशिवाय दृश्य सरकत नाही. नंतर चालायचा खेळ घेताना कंट्रोलरने जागा दाखवून तिथे थेट पोहोचण्याचा (टेलिपोर्ट) पर्याय ठेवा, वळणं झटक्याने ठरावीक अंशांत घेण्याचा पर्याय निवडा आणि हलताना कडा काळ्या करण्याची सोय चालू करा. समोरून पंख्याचा वारा घेतला की दिशेचं भान राहतं. घाम फुटला, जांभया यायला लागल्या की त्याच क्षणी हेडसेट काढा. ‘एवढी फेरी संपवतो’ म्हणून रेटलंत तर पुढे हेडसेट बघूनच पोटात ढवळायला लागतं.

मुलांच्या बाबतीत कंपन्यांच्या वयाच्या अटी पाळा. मेटा १० वर्षांखालच्या मुलांना परवानगी देत नाही आणि १० ते १२ वयासाठी पालकांच्या ताब्यातलं खातं लागतं. सोनी व्हीआर२ साठी १२ वर्षांची अट सांगते. शिवाय लहान मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर या भिंगांच्या पल्ल्यापेक्षा कमी असतं.

वापरलेला हेडसेट घेताना

आधी पांढरं चित्र लावा. एखाद्या ठिकाणी पिवळसर किंवा काळपट ठिपके अथवा रेघ दिसली तर उन्हात ठेवल्याचा तो डाग आहे. भिंग उन्हाला एकवटून पडदा काही मिनिटांत जाळतं आणि तो भाजलेला भाग दुरुस्त होत नाही. मग तिरप्या उजेडात दोन्ही भिंगांवर ओरखडे शोधा. कंट्रोलरची काठी सोडल्यावर दृश्य आपोआप सरकतंय का बघा. अंतराचं चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. केबलचा हेडसेट असेल तर केबल मुळाशी हळूच वाकवून चित्र लुकलुकतं का ते तपासा. शेवटी विकणाऱ्याच्या खात्यातून यंत्र काढून, ते पूर्ण पुसून, तुमच्या खात्याने तुमच्यासमोर सुरू करून घ्या आणि मगच पैसे द्या.